सात गाणी, एकच चाल: आता पुढचे कोणते?

पत्र: मी पॉप गायिका आहे आणि माझी गाणी स्वतंत्रपणे प्रसिद्ध करते. गेल्या १४ महिन्यांत माझी ७ सिंगल्स, म्हणजे एकेकटी काढलेली गाणी, आली. पहिले गाणे अनपेक्षितपणे खूप ऐकले गेले, म्हणून पुढची ६ गाणीही त्याच प्रोड्यूसर मित्राबरोबर आणि त्याच धाटणीत केली. सगळ्यांची गती ९२ ते ९६ बीपीएमच्या (मिनिटाला पडणाऱ्या ठोक्यांच्या) दरम्यान आहे, सगळी पियानोने सुरू होतात आणि सगळ्यांच्या मुखड्याला माझा आवाज एकदम वर जातो. प्रत्येक नव्या गाण्याला आधीच्यापेक्षा थोडे कमी श्रोते मिळत गेले. एका श्रोत्याने तर मला लिहिले की, ‘तुमचे नवे गाणे गुणगुणत होतो आणि मध्येच ते मागचे गाणे झाले.’ कार्यक्रमातही चौथ्या गाण्यानंतर लोक फोन बाहेर काढतात. माझ्याबरोबरच्या मंडळींचे म्हणणे असे की हाच माझा ‘साउंड’ आहे आणि तो सोडला तर आहेत ते श्रोतेही जातील. माझ्याकडे ४ गाणी तयार आहेत. एक नेहमीच्याच धाटणीचे आहे आणि ते सर्वांना आवडते. दुसरे १२४ बीपीएमचे नाचाचे गाणे आहे. ते मी तयार बीट घेऊन केले, कारण सध्या तसे चालते, पण मी स्वतः तशी गाणी ऐकत नाही. तिसरे सहा मात्रांचे, फक्त गिटारवर आणि खालच्या सुरांत गायलेले आहे. चौथे रागाचे, म्हणजे संतापाचे आहे, जलद आहे, जिवंत ड्रम्सचे आहे आणि ते मी एकटीने लिहिले आहे. पुढचे सिंगल कोणते काढू? आणि त्या श्रोत्याला उत्तर द्यावे का?

उत्तर: तुमच्या गाण्याचा कंटाळा आलेल्या माणसाने ते गुणगुणण्याची तसदी घेतली नसती. त्या श्रोत्याला गाणे आवडले होते, त्याच्या ओठांवर बसले होते, आणि तरीही ते मध्येच शेजारच्या गाण्यात वाहत गेले. त्याची तक्रार दोन गाण्यांमधले कुंपण नाहीसे झाल्याची आहे, आणि ती इतकी नेमकी आहे की तिच्यावर उपायही नेमकाच शोधता येईल.

त्याआधी एक कबुली दिली पाहिजे. विविधता ही प्रत्येक गायकाची गरज असतेच असे नाही. वर्षानुवर्षे एकाच लयीत आणि एकाच भावात गाऊन श्रोत्यांचा लोभ टिकवलेले गायक पुष्कळ आहेत आणि त्यांच्या चाहत्यांना तेच हवे असते. तुमच्या पत्रात केवळ आकडे घसरल्याचा उल्लेख असता, तर मी कदाचित थोडा धीर धरा एवढेच लिहिले असते, कारण पहिल्या गाण्याच्या यशात योगायोगाचा वाटा बराच असतो आणि त्यानंतर पाणी आपल्या मूळ पातळीवर येते. पण कार्यक्रमातली गोष्ट मला आकड्यांपेक्षा जास्त बोलकी वाटते. एकटा ऐकणारा माणूस कंटाळला तर गाणे पुढे ढकलतो आणि तुम्हाला त्याचा पत्ताही लागत नाही. समोर बसलेल्याला ती सोय नसते, म्हणून तो फोन काढतो. शिवाय नेहमीच्या धाटणीच्या गाण्याबद्दल तुम्ही ‘ते सर्वांना आवडते’ असे लिहिले आहे, तुम्हाला आवडते की नाही हे लिहिलेले नाही, हेही माझ्या नजरेतून सुटले नाही.

सिंगल हा प्रकार या बाबतीत मुळातच निर्दय आहे. अल्बममध्ये पाचवे गाणे चौथ्या आणि सहाव्याच्या मध्ये बसलेले असते, त्यामुळे एखादे संथ गाणे शेजारच्या जलद गाण्यामुळे उठून दिसते आणि गायकाचे चार चेहरे एका बैठकीत दिसून जातात. सिंगलला शेजारी नसतो. आरसीए व्हिक्टर कंपनीने १९४९ मध्ये ४५ आरपीएमची (मिनिटाला ४५ फेरे घेणारी) छोटी तबकडी बाजारात आणली, तेव्हा तिला निदान दोन बाजू होत्या. चालणारे गाणे ‘ए’ बाजूला जाई आणि ‘बी’ बाजूला काहीतरी वेगळे करून पाहण्याची मुभा मिळे. बीटल्सने १९६७ च्या फेब्रुवारीत ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर’ आणि ‘पेनी लेन’ ही दोन अगदी वेगळ्या स्वभावाची गाणी एकाच तबकडीवर समान मान देऊन काढली, तेव्हा ऐकणाऱ्याच्या हातात एकाच खरेदीत दोन टोके आली. आजच्या सिंगलला ती दुसरी बाजू उरलेली नाही, त्यामुळे दोन महिन्यांतून एकदा येणारे गाणे हेच त्या काळापुरते तुमचे संपूर्ण चित्र असते.

इथे गायकांची एक फसगत होते. आपल्याला वाटते की मागच्या गाण्याला दोन महिने होऊन गेले आहेत, श्रोता ते विसरला असेल, तेव्हा त्याच वळणाचे आणखी एक खपून जाईल. पण स्ट्रीमिंगवर नवा श्रोता तुमच्या पानावर येतो तेव्हा सर्वाधिक ऐकली गेलेली गाणी तिथे ओळीने मांडलेली असतात आणि तो ती एकापाठोपाठ एक ऐकतो. तुमच्या १४ महिन्यांचा त्याच्यासाठी अर्धा तास होतो, आणि तुम्हाला प्रवासासारखे वाटलेले सगळे त्याला एकाच जागी पावले आपटल्यासारखे वाटू शकते.

आता सारखेपणा नेमका कुठे आहे ते शोधू, कारण तुम्ही दिलेल्या यादीतल्या सगळ्याच गोष्टी सारख्या दोषी नाहीत. सातही मुखड्यांचे वीस-वीस सेकंदांचे तुकडे कापा, ते एकाला एक जोडून एकच फाईल करा आणि तुमची गाणी कधीही न ऐकलेल्या माणसाला ती ऐकवा. गाणे कुठे बदलले असे वाटते, तिथे त्याने फक्त बोट वर करायचे. जिथे बोट वर होणार नाही, तिथे दुखणे आहे. मग दुसरी चाचणी घ्या आणि पाचव्या गाण्याचे शब्द तिसऱ्या गाण्याच्या चालीवर म्हणून पाहा. ते सहज बसले, तर प्रश्न वाद्यांचा नसून छंदाचा आहे. ओळीतल्या मात्रा सारख्या, श्वास घेण्याच्या जागा सारख्या आणि जोर पडण्याची अक्षरेही सारखी. अशा वेळी पियानो काढून सतार घातली तरी गुणगुणणारा माणूस मागच्याच गाण्यात जाऊन पोहोचेल, कारण गुणगुणताना वाद्ये सोबत येत नाहीत, फक्त चाल येते. त्या श्रोत्याचे वाक्य पाहता मला तुमच्या गाण्यांत हेच सापडेल अशी दाट शंका आहे.

गतीबद्दल तुम्ही काळजी व्यक्त केली आहे, पण गती हा वाटतो तेवढा मोठा गुन्हेगार नाही. ९४ बीपीएमवरच ठेका दुप्पट चालवला तर गाणे धावते आणि अर्ध्यावर आणला तर ते पाय ओढत चालते. ठोके मोजणारा मेट्रोनोम जागचा हलत नाही आणि अंगाला मात्र दोन वेगळी गाणी जाणवतात. चार मात्रांच्या सरळ चालीऐवजी दादऱ्यासारखा सहा मात्रांचा झोका आला तर फरक आणखी लवकर कळतो. पट्टीचेही तसेच आहे. सातही गाणी एकाच पट्टीत असली तरी बहुतेक श्रोत्यांना त्याचा पत्ता लागत नाही, परंतु प्रत्येक मुखड्याचा सर्वांत वरचा सूर एकच असेल, तर तिथे तुमच्या गळ्यावर पडणारा ताण आणि त्या ताणातून येणारा आवाजाचा रंगही एकच होतो, आणि तो मात्र कुणालाही ओळखता येतो. मुखडा आला की आवाज वर चढणार हे श्रोत्याला आधीच कळले, तर त्या चढण्यातला थरार संपतो. एखाद्या गाण्यात मुखडा अंतऱ्यापेक्षा खाली ठेवून पाहा. करायला साधी आणि ऐकायला आश्चर्यकारक अशी ही गोष्ट आहे.

सुरुवातीच्या पियानोचे कारण मी ओळखू शकते. स्पॉटिफायवर गाणे ३० सेकंद वाजल्याखेरीज ऐकले गेल्याची नोंद होत नाही, त्यामुळे पहिल्या अर्ध्या मिनिटात श्रोता पळू नये म्हणून सगळेच जण सुरक्षित वाट धरतात आणि ज्या वाटेने पहिले गाणे गेले तिच्यावरच बाकीच्यांना चालवतात. परिणाम उलटा होतो. पहिले पाच-सात सेकंद मागच्या गाण्यासारखे वाटले, की हे आपण ऐकले आहे असे समजून माणूस पुढे जातो. सुरक्षिततेसाठी ठेवलेली जागाच सर्वांत धोक्याची ठरते.

तुमच्या मंडळींच्या भीतीकडेही गंभीरपणे पाहिले पाहिजे, कारण ती निराधार नाही. ‘साउंड’ सोडला तर श्रोते जातात हे खरे आहे. प्रश्न एवढाच आहे की तुमचा ‘साउंड’ म्हणजे काय. ब्रिटिश गायिका अडेलच्या ‘२१’ या अल्बममधली पहिली तीन सिंगल्स आठवा. ‘रोलिंग इन द डीप’ पायाने ताल धरायला लावणाऱ्या ठोक्यांवर उभे आहे, ‘समवन लाइक यू’मध्ये पियानो आणि आवाज यांखेरीज काहीही नाही, आणि ‘सेट फायर टू द रेन’मध्ये वाद्यांची लाटच्या लाट अंगावर येते. पहिले पॉल एपवर्थबरोबर, दुसरे डॅन विल्सनबरोबर आणि तिसरे फ्रेझर टी. स्मिथबरोबर, अशी तिन्ही वेगळ्या प्रोड्यूसरांच्या हातांखाली झाली, आणि तिन्ही अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचली. तिन्हींचा विषय मोडलेल्या नात्याचाच आहे आणि गळा तर एकच आहे. विषय आणि गळा जागच्या जागी ठेवून भोवतालचे जवळजवळ सगळे बदलले, तरी गाणारी कोण याबद्दल एक क्षणही शंका येत नाही. तुमच्या सात गाण्यांत याच्या उलट झाले आहे असे मला वाटते. भोवतालचे सगळे जागच्या जागी ठेवल्यामुळे ओळख तुमच्या गळ्याची पटण्याऐवजी पियानोची पटू लागली आहे. तुमची खरी ओळख कोणती हे पाहायचे असेल, तर सातही गाणी कोणत्याही वाद्याशिवाय गाऊन ध्वनिमुद्रित करा. वाद्ये गेल्यावर जे उरते, म्हणजे ओळ संपवण्याची तुमची पद्धत, शब्दावर रेंगाळण्याची सवय आणि श्वासाचा आवाज, ते तुमचे आहे. तेवढे राखा आणि बाकीच्याबद्दल फार हळवे होऊ नका.

मात्र याचा अर्थ दर वेळी नवे घर बांधायचे असा नाही. क्वीन या बँडचे उदाहरण मला यासाठी फार शिकवणारे वाटते. १९८० च्या त्यांच्या ‘द गेम’ या अल्बममधली दोन सिंगल्स त्याच वर्षी अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेली. ‘क्रेझी लिटल थिंग कॉल्ड लव्ह’ हे जुन्या रॉकाबिली (रॉक आणि कंट्री यांच्या मिश्रणाच्या) वळणाचे गाणे फ्रेडी मर्क्युरीने लिहिलेले होते, तर ‘अनदर वन बाइट्स द डस्ट’ हे बेस गिटारभोवती फिरणारे नाचाचे गाणे जॉन डीकनचे होते. चौघेही गाणी लिहीत असल्यामुळे वेगळेपण त्यांना मुद्दाम आणावे लागले नाही. पण १९८२ मध्ये ‘हॉट स्पेस’ हा अल्बम त्यांनी मोठ्या प्रमाणात नाचाच्या संगीताकडे वळवला, तेव्हा त्यांचे अनेक जुने चाहते नाराज झाले. एक खिडकी उघडल्याने ज्यांना बरे वाटले होते, त्यांना सगळ्या भिंती पाडलेल्या मात्र चालल्या नाहीत. म्हणून माझा आग्रह असा की एका सिंगलमध्ये श्रोत्याच्या कानाला सहज कळतील अशा दोनच मोठ्या गोष्टी बदलाव्यात, जसे की ठेका आणि आवाजाची उंची, किंवा वाद्यमेळ आणि भाव. पाच बदलल्या तर लोक ते गाणे दुसऱ्या कुणाचे तरी समजतील. आणि एखादीच किरकोळ गोष्ट बदलली, तर ती फक्त तुम्हाला आणि तुमच्या मित्राला कळेल.

मित्राचा विषय निघालाच आहे, तर त्याच्याशी भांडू नका. स्टुडिओत वेळ वाचवण्यासाठी मागच्या गाण्याची फाईल उघडायची, ती नव्या नावाने साठवायची आणि त्यातलेच ड्रम्स, तोच पियानो आणि आवाजावरचे तेच संस्कार घेऊन कामाला लागायचे, ही सवय आम्हा सगळ्यांना आहे. मी संगीत संयोजन करत असताना सलग तीन गाण्यांत माझा एकच टाळ्यांचा आवाज वाजला होता आणि तो माझ्या लक्षात आणून दिला तो एका वादकाने, तेही हसत हसत. तुमच्या मित्राला एवढेच सांगा की पुढचे गाणे कोऱ्या फाईलवर सुरू होईल. आवाजासाठीची मांडणी तेवढी जुनी चालेल, कारण ती तुमची ओळख आहे, पण ठेक्याचा एकही आवाज मागच्या गाण्यांतून यायला नको. आणि चौथे गाणे, जिथे जिवंत ड्रम्स आहेत, ते दुसऱ्या कुणाकडून करून घेतले तरी त्याचे अंतिम मिश्रण मित्राकडेच ठेवा. त्यामुळे मैत्रीही राहील, आणि गाणे अनोळखी असले तरी आवाज ओळखीचा राहील.

आता तुमच्या चार गाण्यांकडे येते. पुढचे सिंगल म्हणून मी रागाचे, म्हणजे चौथे गाणे निवडेन. तिसरे गाणे कदाचित जास्त सुंदर असेल, आणि सहा मात्रांचा झोका व खालचे सूर या दोन्ही गोष्टी माझ्या वरच्या कसोटीला उतरतात. पण सात मध्यम गतीच्या गाण्यांनंतर आलेले संथ गाणे दुरून ऐकणाऱ्याला आठवे मध्यम गाणेच वाटण्याचा धोका आहे, आणि तसे झाले तर एक चांगले गाणे वाया जाईल. राग तुमच्या सिंगल्समध्ये आजवर आलेलाच नाही असे पत्रावरून दिसते, आणि तो तुम्ही एकटीने लिहिला आहे, त्यामुळे तो उसना वाटणार नाही. त्यानंतर तिसरे गाणे काढा, म्हणजे त्या गडबडीनंतरची शांतता लोकांना ऐकू येईल. तुमच्या मंडळींचे आवडते नेहमीच्या धाटणीचे गाणे तिसऱ्या क्रमाने येऊ द्या. मधल्या दोन गाण्यांमुळे तेच गाणे घरी परतल्यासारखे वाटेल, आणि आज काढले तर ते केवळ आठवे ठरेल. १२४ बीपीएमचे गाणे मात्र ठेवून द्या. नाचाच्या गाण्याशी माझे काही वाकडे नाही. तुम्ही जे ऐकत नाही ते तुम्ही मनापासून गाल यावर माझा विश्वास बसत नाही, एवढेच. उधारीचा झगा कितीही झगमगीत असला तरी खांद्यावर तो सैलच बसतो.

क्रमाने किती फरक पडतो याचे उत्तम उदाहरण मायकल जॅक्सनच्या ‘थ्रिलर’मध्ये सापडते. त्या अल्बमचे पहिले सिंगल १९८२ च्या ऑक्टोबरमध्ये आले ते पॉल मॅकार्टनीबरोबरचे मवाळ द्वंद्वगीत होते. १९८३ च्या सुरुवातीला ‘बिली जीन’ आणि त्यामागोमाग रॉक गिटारवादक एडी व्हॅन हेलनच्या गिटारचे ‘बीट इट’ आले, तेव्हा तोच गायक आधी नाचाच्या आणि मग रॉकच्या श्रोत्यांपर्यंत पोहोचला. त्या अल्बममधल्या नऊपैकी सात गाण्यांची सिंगल्स निघाली आणि सातही अमेरिकेच्या पहिल्या दहांत गेली. इतक्या मोठ्या यशाची तुलना तुमच्याशी करण्याचा हेतू नाही. मला फक्त एवढेच दाखवायचे आहे की लागोपाठच्या दोन सिंगल्समध्ये अंतर असले, की दुसरे गाणे पहिल्याचे श्रोते खाण्याऐवजी नवे श्रोते घेऊन येऊ शकते.

व्यवहाराच्या दोन गोष्टी थोडक्यात सांगते. स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणे सुचवायचे असेल तर ते प्रसिद्धीच्या आधीच, शक्यतो किमान ७ दिवस आधी, द्यावे लागते आणि एका वेळी एकच अप्रकाशित गाणे सुचवता येते. तिथे गाण्याचा प्रकार आणि भाव भरताना सवयीने जुनेच पर्याय निवडू नका, नाही तर रागाचे गाणे चुकीच्या प्लेलिस्टमध्ये जाऊन पडेल आणि तिथले लोक ते पुढे ढकलतील. दुसरे असे की रागाच्या गाण्याबरोबर त्याचेच एक नुसत्या पियानोवरचे रूपही जोडून काढा. जुन्या तबकडीची हरवलेली ‘बी’ बाजू परत मिळेल, तुमच्या जुन्या श्रोत्यांना हात धरायला काहीतरी मिळेल, आणि मंडळींची भीतीही थोडी शमेल.

पहिल्या आठवड्यात एकूण आकडा कमी आला तरी घाबरून जाऊ नका. किती लोकांनी गाणे शेवटपर्यंत ऐकले आणि किती जणांनी ते स्वतःच्या यादीत जपून ठेवले, ते पाहा. तिन्ही गाणी येऊन जाईपर्यंत निष्कर्ष काढू नका, आणि मधल्या काळात कार्यक्रमात रागाचे गाणे चौथ्या क्रमांकावर गा. फोन नेमके त्यानंतरच बाहेर येतात असे तुम्हीच सांगितले आहे.

त्या श्रोत्याला उत्तर जरूर द्या, पण स्पष्टीकरण देऊ नका आणि आभारांचे लांबलचक पत्रही नको. गाणे प्रसिद्ध होण्याच्या आठवडाभर आधी त्याला ते पाठवा. आवडले का, असे विचारलेत तर तो सौजन्याने होच म्हणेल. त्याला दोन दिवस ते गुणगुणायला सांगा आणि मागच्या गाण्यात पाय घसरलाच, तर तो कोणत्या ओळीवर घसरला तेवढे लिहून कळवायला सांगा.